चार बोटं कोरी जागा

समजा, एका चार मजली इमारतीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा करायचा आहे आणि त्याची महापालिकेची परवानगी काढायचं काम तुमच्याकडे आलं आहे. पहिल्या दिवशी तुम्ही काय कराल? बहुतेक जण म्हणतील, अर्ज करू. अर्ज सगळ्यात शेवटी येतो. आधी इमारतीचा मंजूर नकाशा शोधावा लागतो. तो सोसायटीच्या कपाटात नसतो, पहिल्या सेक्रेटरीच्या घरी असतो, आणि तो सेक्रेटरी फ्लॅट विकून गावी गेलेला असतो. मग मिळकतीचा उतारा. इमारत हे वजन पेलेल असं इंजिनिअरचं प्रमाणपत्र. अग्निशमनचा दाखला. गच्चीचे चारही बाजूंनी काढलेले फोटो. सोसायटीचा ठराव. आणि रहिवाशांच्या सह्या, त्यातही ज्यांच्या डोक्यावर टॉवर येणार त्या वरच्या मजल्यावरच्या लोकांच्या.

आता अशी कल्पना करा की दोन महिने चपला झिजवून तुम्ही हे सगळं जमवलं आहे. फाइल जाडजूड झाली आहे. फक्त एक सही राहिली आहे. वरच्या मजल्यावरच्या एका म्हातारीची. ती देत नाही. आणि त्या एका सहीवर तुमची नोकरी पक्की व्हायची की नाही, हे ठरणार आहे.

धम्मपालने काय केलं ते सांगतो.

धम्मपाल आमच्या कंपनीत परवानग्यांचं काम बघतो. मी त्याच कंपनीत टॉवरचे नकाशे आणि वजनाची गणितं करतो, त्यामुळे आमची फाइल एकच असते. तो एकोणचाळीस वर्षांचा आहे, आकुर्डीतच वाढला. वडील फाउंड्रीत होते. धम्मपालने आयटीआय केलं, काही वर्षं केबलची कामं केली, मग इथे आला आणि अकरा वर्षं कॉन्ट्रॅक्टवर राहिला. खिशात कायम दोन निळी पेनं. काळ्या शाईची सही झेरॉक्ससारखी दिसते, खिडकीवरचा माणूस उगाच शंका काढतो, म्हणून निळी.

त्याचं काम बघत राहावं असं होतं. देहूच्या बाजूला गेला की दारातून आत शिरतानाच "राम कृष्ण हरी माउली" म्हणायचा. आकुर्डीतल्या जुन्या कामगारांच्या वस्तीत "जय भीम". निगडी प्राधिकरणातल्या बंगल्यांत नुसतं "नमस्कार सर", आणि चपला बाहेर. आधी चहा घ्यायचा, पाय दुखतात का विचारायचा, पोराच्या नोकरीची चौकशी करायचा आणि कागद अगदी शेवटी काढायचा. "सही कागदावर नंतर होते," तो मला म्हणायचा, "आधी ती चहाच्या कपावर होते." मला हे वाक्य तेव्हा फार आवडायचं.

ती इमारत आकुर्डीतच होती. सुजाता सोसायटी. तिथले बहुतेक लोक कारखान्यांतून निवृत्त झालेले, धम्मपालच्या वडिलांच्या ओळखीचे. चौथ्या मजल्यावर अंबुबाई राहते. नवरा भिवा वारला त्याला बरीच वर्षं झाली. ती आणि कॉलेजात जाणारी नात मिनल, दोघीच. फेब्रुवारी ते मे अंबुबाई गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे घालायची. प्राधिकरणातल्या बायका दिवाळीपासूनच तिच्याकडे नाव नोंदवून ठेवायच्या. मिनलचं शिक्षण त्या गच्चीवर चाललं होतं असं म्हटलं तरी चालेल.

आणखी एक गोष्ट. अंबुबाईला सही धम्मपालने शिकवली होती.

त्याची आई कस्तुराबाई विहारात रविवारी बायकांना लिहा-वाचायला शिकवायची. धम्मपाल तेव्हा दहावीत होता. आईच्या हाताखाली तोही शिकवायचा, आणि अंबुबाई त्याच्या वाट्याला आली होती. तिला आपलं नाव लिहायला चार रविवार लागले. पाचव्या रविवारी ती बँकेत गेली, अंगठ्याचा शाईचा पॅड कारकुनाकडे परत सरकवला आणि सही केली. तिथून सरळ धम्मपालच्या घरी आली आणि त्याच्या हातात अर्धा किलो पेढे ठेवून म्हणाली, "आजपासनं अंगठा बंद."

त्यामुळे हे काम सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं. पहिल्यांदा गेला तेव्हा त्याने सरळ सगळं सांगितलं. टॉवर, जनरेटर, भोवती जाळी, गच्चीच्या दाराला कुलूप.

"आन् मी कुरडया कुठं घालू?" अंबुबाईने विचारलं. "तुझ्या कंपनीच्या टाळक्यावर?"

"मावशी, खाली पार्किंगमध्ये बाज टाकून…"

"पार्किंगमधी धूळ, गाड्यांचा धूर. तू खाशील का त्या? लेकरा, तुला नाही म्हनताना मला बरं वाटत न्हाई. पर न्हाई."

दुसऱ्यांदा तो गच्चीचे फोटो काढायला गेला. मार्चचं ऊन, आणि अख्ख्या गच्चीवर जुन्या साड्यांवर कुरडया पसरलेल्या. त्याने तसेच फोटो काढून आणले. आमचे साहेब रविराज यांनी ते मोबाइलवर बघितले आणि हसले. "अरे राव, टॉवरची साइट दाखवायचीय की महिला बचत गटाचा स्टॉल? गच्ची मोकळी दाखव."

धम्मपाल परत गेला. तासभर गच्ची मोकळी कराल का, असं त्याने अंबुबाईला विचारलं. कशासाठी, ते तिने विचारलंही नाही. मिनलला हाक मारली, दोघींनी साड्यांची चार टोकं धरून सगळं एका कोपऱ्यात नेलं आणि वर त्याच्या हातावर वाटीभर गरम चीक ठेवला. त्याने चीक खाल्ला आणि मोकळ्या गच्चीचे फोटो काढले. ते फोटो बघून मी नकाशा काढला. नकाशात मी लिहिलं, "रिकामी गच्ची." ती गच्ची मी पाहिलेली नव्हती.

त्यानंतर पुन्हा सही मागितली तेव्हाही ती नाहीच म्हणाली.

मग रविराजसाहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. मी तिथेच होतो. साहेब ओरडले नाहीत. ते फक्त म्हणाले, "धम्मपाल राव, चाकणला शेतकऱ्यांची भाऊबंदकी मोडून तू सह्या आणल्यास. आणि स्वतःच्या गल्लीतली एक म्हातारी तुला अडवते? तुझं पर्मनंटचं पत्र वर सहीला गेलंय. ही साइट या महिन्यात फाइल झाली तर मला बोलायला तोंड राहील." धम्मपालची मुलगी त्या वर्षी पाचवीत जाणार होती. अकरा वर्षं दर मार्चला त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपायचं आणि दर मार्चला घरी बायको अंजली काही विचारायची नाही. तिचं ते न विचारणं त्याला नको व्हायचं.

सुजाता सोसायटीचे चेअरमन ज्योतीराम अण्णा यांना टॉवर हवाच होता. महिन्याच्या भाड्यात लिफ्टचं काम झालं असतं. त्या आठवड्यात सोसायटीची सभा होती, विषय होता तुंबलेलं ड्रेनेज. धम्मपालने अण्णांना विचारलं, "हजेरीचा कागद कोण करतं?"

"करतो कोणी तरी. वहीतलं पान फाडून."

"या वेळी मी छापून आणतो. नाव, फ्लॅट नंबर, सही. फक्त वर चार बोटं जागा कोरी ठेवतो. हेडिंग नंतर ऑफिसात टाईप करू."

अण्णांना डाव कळला. मग म्हणाले, "तू हुशार पोरगा आहेस रे."

ज्यांनी सोसायटीची सभा पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. सभेचा कागद दारातच फिरतो. लोक चप्पल काढता काढता सही करतात. मुख्य विषयावर तासभर भांडण होतं. मग मंडळी उठायला लागतात आणि शेवटी उरतात 'ऐनवेळचे विषय'. तेव्हा सात-आठ डोकी असतात, आणि त्यांना घरी जायची घाई असते.

अंबुबाई आली. दारात धम्मपालच उभा होता. त्याने कागद पुढे केला आणि खिशातलं निळं पेन दिलं. तिने एका हाताने कागद दाबून धरला आणि सावकाश, एकेक अक्षर जपून सही केली. तशीच, जशी पंचवीस वर्षांपूर्वी करायची. वर म्हणाली, "बघ, अजून चुकत न्हाई." आत जाऊन ती ड्रेनेजवर सगळ्यांत जास्त बोलली. तळमजल्यावरच्या नागसेनला म्हणाली, "तुझ्या घरातनं वास येतोय म्हनू नको, आमच्या सगळ्यांचं तुझ्या दारात येतंय म्हन." सगळे हसले. मग घरी गहू भिजत घातलेत म्हणून ती उठली आणि गेली. तिच्यानंतर वीस मिनिटांनी ऐनवेळच्या विषयात टॉवरचा ठराव मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये धम्मपालने त्या कागदाच्या चार बोटं जागेत छापलं: "खाली सह्या करणाऱ्या आम्हा सर्व रहिवाशांची इमारतीच्या गच्चीवर टॉवर उभारण्यास कोणतीही हरकत नाही." ओळी बरोबर बसल्या. त्याने जागा मोजूनच सोडली होती.

फाइल गेली. पंधरा दिवसांनी आमची माणसं गच्चीवर माप घ्यायला गेली तेव्हा अंबुबाईला कळलं. तिने मिनलकडून हरकतीचा अर्ज लिहून घेतला आणि स्वतः जाऊन क्षेत्रीय कार्यालयात दिला. पालिकेने नियमाप्रमाणे सुनावणी लावली.

सुनावणीला अण्णा, धम्मपाल, मी आणि समोर अंबुबाई-मिनल. मला नकाशा समजावून सांगायला नेलं होतं. अंबुबाईने इस्त्रीची पांढरी साडी नेसली होती. धम्मपालला बघून ती हसली आणि म्हणाली, "जय भीम लेकरा. तू बी आलास, बरं झालं." तो आपल्याच बाजूने बोलेल, असंच तिला वाटलं असावं. त्याने हात जोडले, पण तोंडातून "जय भीम" निघालं नाही. आदल्या रात्री घरी त्याने उत्तरं पाठ केली होती: सभेत चर्चा झाली, ठराव झाला, सह्या स्वेच्छेने आहेत.

सुनावणी घेणाऱ्या बाई, विजयश्री मॅडम, शांत होत्या. त्यांनी अंबुबाईचं म्हणणं पूर्ण ऐकलं. कुरडया, मिनलची फी, गच्चीचं कुलूप, सगळं. मग फाइल उघडून तो कागद तिच्यासमोर फिरवला. "आजी, तुमची हरकत आहे म्हणता. मग ही सही कुणाची?"

अंबुबाईने पिशवीतून चष्मा काढला. काच पदराने पुसली. कागद जवळ घेतला. आधी तिने सही बघितली. मग तिचं बोट वर सरकलं, हळूहळू, त्या छापलेल्या ओळींवर. ओठ हलत होते. ती अक्षर लावून वाचत होती. तिला वेळ लागला. मॅडम थांबल्या. अण्णा खाली बघत होते.

वाचून झाल्यावर तिने चष्मा काढला आणि धम्मपालकडे बघितलं. रागाने नाही. तो मला नंतर म्हणाला, "राव, शिकवताना माझं काही चुकलं की ती अशीच बघायची. मी स्वतःहून दुरुस्त करीन म्हणून थांबायची."

"आजी?" मॅडम म्हणाल्या.

"व्हय. सही माझीच हाय."

मिनल म्हणाली, "आजी, अगं ती हजेरीची…"

"तू गप."

मॅडमनी पुन्हा विचारलं. त्यांनी नीट विचारलं, हे मी सांगायला हवं. "तुमच्यावर कुणी दबाव आणला का? फसवून सही घेतली का? तसं असेल तर आत्ता सांगा, मी नोंदवून घेते. वाचता येतं तुम्हाला?"

"येतं की." तिने धम्मपालकडे बोट केलं. "ह्यानंच शिकवलंय."

मॅडमच्या चेहऱ्यावर जरा हसू आलं. कौतुकाचं. त्या धम्मपालकडे वळल्या. "अरे वा. तुम्हाला काही सांगायचंय?"

पाठ केलेल्या उत्तरांतलं एकही उपयोगाचं नव्हतं. दुसरं एक उत्तर होतं, पाच-सहा शब्दांचं. मॅडम, तो हजेरीचा कागद आहे, एवढंच. मला ते माहीत होतं, अण्णांना माहीत होतं. मीही बोललो नाही.

"नाही मॅडम," धम्मपाल म्हणाला.

हरकत निकाली निघाली. बाहेर जिन्यात मिनल रडत होती. अंबुबाई तिला म्हणाली, "चल, बस जाईल," आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेली. धम्मपालने हात धरायला पुढे केला. तिने तो धरला. ती म्हणाली, "गुडघ्याचं लई झालंय बघ आता."

टॉवर पावसाळ्याआधी उभा राहिला. जुलैत त्याला पर्मनंटचं पत्र मिळालं. रविराजसाहेबांनी सगळ्या ऑफिसला समोसे आणले आणि म्हणाले, "भावा, आता तू घरचा झालास." धम्मपालने समोसा हातात धरला आणि दहा मिनिटं धरूनच ठेवला.

त्याच्या आईला, कस्तुराबाईला, कुणीतरी सांगितलं असावं. तो पत्र दाखवायला गेला तेव्हा ती म्हणाली, "अंबूला सांगितलंस का?" आणि भाजी निवडत राहिली.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये अंबुबाईने पार्किंगमध्ये बाज टाकून बघितली. दोन दिवसांनी उचलली. मी तेव्हा टॉवरच्या देखभालीसाठी तिथे गेलो होतो. पहिल्यांदाच ती गच्ची पाहिली. नकाशात जाळी सहा फूट अलीकडे घेता आली असती. त्याने वजनाच्या गणितात काहीही फरक पडत नव्हता. तेवढ्यात चार साड्या मावल्या असत्या. हे मी धम्मपालला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आधी कुणी विचारलंच नाही ना तुला." मला ते बरं वाटावं म्हणून म्हणाला, पण मला बरं वाटलं नाही. जाळी सरकवायचा प्रस्ताव मी टाकला आहे. तो अजून वरच्या साहेबांकडे पडून आहे.

मग बुद्धपौर्णिमा आली. विहारात खीरदानाला मदत करणाऱ्यांची नावं एका वहीत घेत होते, नावापुढे सही. रांगेत अंबुबाई पुढे आणि मागे धम्मपाल. वही तिच्यासमोर आली. तिने मिनलला विचारलं, "शाईचा प्याड हाय का गं त्यांच्याकडं?"

वही घेऊन बसलेल्या पिंटूला हसू आलं. "आजी, अंगठा कशाला? तुमी तर सही करता की."

"करत हुते."

धम्मपालने मागून पेन पुढे केलं. निळं. "मावशी, हे घ्या."

तिने मागे वळून बघितलं, पेनाकडे आणि मग त्याच्याकडे. "नको लेकरा," ती म्हणाली. "हेच बरं हाय. ह्याच्यात कुनाला काय वाचाया लागत न्हाई." पॅड सापडेना, तेव्हा पिंटूने पेनाची शाई बोटाने तिच्या अंगठ्याला फासली. तिने अंगठा उमटवला. मग पुढे जाऊन खीर घेतली आणि दोन वाट्या घेऊन परत आली. एक तिने धम्मपालला दिली. "पोरीला बी घिऊन जा," म्हणाली.

हे सगळं त्याने मला एकदा चाकणच्या रस्त्यावर सांगितलं. ट्रकांच्या रांगेत आमची गाडी पाऊण तास अडकली होती, आणि तो समोर बघत बोलत होता. बुद्धपौर्णिमेनंतर तो दोनदा चौथ्या मजल्यावर जाऊन आला होता. दोन्ही वेळा तिने चहा केला, गुडघ्याबद्दल बोलली, मिनलच्या परीक्षेबद्दल बोलली. दोन्ही वेळा तो चहा पिऊन खाली आला. आता तो दुसऱ्यांच्या घरी सही घ्यायला गेला की आधी कागद काढतो, मोठ्याने वाचतो, आणि मग चहा घेतो. त्यामुळे त्याच्या फायली उशिरा होतात. साहेब कुरकुरतात. त्याने याचा गाजावाजा केलेला नाही, मीच सांगतोय.

मी त्याला म्हणालो, "तू जाऊन माफी माग ना सरळ."

"माफी मागीन रे," तो म्हणाला. "ती देईल पण. तेच तर." पुढचा ट्रक दोन हात सरकला, आम्हीही सरकलो. "मला माफी नको. मला तिला एकच विचारायचंय, आणि ते दर वेळी चहाबरोबर गिळून मी खाली येतो. मॅडम स्वतः विचारत होत्या. लिहून घ्यायला पेन उघडून बसल्या होत्या. तिने तो कागद पूर्ण वाचला होता, मी बघत होतो, प्रत्येक अक्षर. एक शब्द बोलली असती तर गच्ची तिची राहिली असती आणि नोकरी माझी गेली असती. मग मावशी, तुम्ही 'सही माझीच आहे' असं का म्हणालात?"